आपण लिहिलेलं कुणाच्या घरात राहतं?

गेल्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणी आमच्या संस्थेचं दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय होता 'बाईचं लिहिणं'. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तावलेल्या सत्रात, मी नेहमीच्या उत्साहात सांगत होते, "आता तुमच्या हातात मोबाईल आहे. छापखाना नको, संपादक नको, कुणाची परवानगी नको. लिहा आणि टाका!" मागच्या रांगेतून एक बाई उठली. शिवणकाम करून दोन मुलं वाढवणारी. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून काही वर्षांपूर्वी ती आमच्या समुपदेशन केंद्रात आली होती, तेव्हापासून ओळखीची. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मी लिहिलं. तीन वर्षं लिहिलं. आता ते कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे. थोडं प्रायश्चित्तही आहे.

तिची हकिगत आधी सांगते. शिक्षण सातवीपर्यंत. मोबाईलवर टाईप करणं तिला जमत नसे. पण २०१७ पासून मराठीत बोललं की फोनवर अक्षरं उमटू लागली, आणि तिला वाट सापडली. रात्री मशीन बंद केलं, मुलं झोपली, की ती हलक्या आवाजात फोनशी बोलायची आणि एका समाजमाध्यमावर टाकायची. नाव माहेरचं लावायची. काय लिहायची? ब्लाऊजचं माप घेताना बायकांच्या पाठीवर दिसणारे वळ. "जरा ढगळ शिव, दुखतंय" असं सांगणारी नवी नवरी. उधारी बुडवणारी मास्तरीण. आपला संसार कसा मोडला, आणि मोडल्यावर पहिल्या रात्री किती शांत झोप लागली. असे दोनशेच्या आसपास लेख तिने तीन वर्षांत लिहिले. आसपासच्या गावांतल्या बायका ते वाचायच्या. काही जणी तर ते वाचून आमच्या केंद्रात आल्या.

मग तिची घरगुती हिंसाचाराची केस उभी राहिली. सासरच्या मंडळींनी एकजुटीने तक्रारी केल्या की हे खातं खोटं आहे, हे नाव खरं नाही. खातं बंद झालं. आम्ही विनंत्या केल्या. यंत्राने पाठवलेली ठरावीक उत्तरं आली, तीही इंग्रजीत. माहेरचं नाव हेही बाईचं खरंच नाव असतं, हे त्या यंत्राला कोण समजावणार? सगळं लिखाण गेलं. तिच्याकडे प्रत नव्हती. ठेव म्हणून मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग कोर्टात नवऱ्याच्या वकिलांनी तिचे चार लेख छापील कागदावर सादर केले. ही बाई घराची अब्रू कशी चव्हाट्यावर मांडते, हे दाखवण्यासाठी. म्हणजे आज तिच्या दोनशे लेखांपैकी चारच शिल्लक आहेत, आणि ते आहेत प्रतिपक्षाच्या फायलीत.

ज्याला जपायचं नव्हतं, त्याने जपलं. ज्यांनी जपायला हवं होतं, त्या आम्ही 'शेअर' करत बसलो होतो.

ब्लॉग म्हणजे काय होतं?

आज ज्या मुली विशीत आहेत, त्यांना ब्लॉग हा शब्द माहीत असतो, पण त्या लेखनाची सवय माहीत नसते. म्हणून थोडं सांगते.

मी २००९ मध्ये समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. वसतिगृहाच्या कोपऱ्यावर नेट कॅफे होता. तिथे तासाचे पैसे मोजून मी ब्लॉग सुरू केला, टोपणनावाने. क्षेत्रकार्यात जे दिसायचं ते लिहायचे. ब्लॉगला स्वतःचा पत्ता असायचा. प्रत्येक लेखाला तारीख असायची आणि त्या लेखाचा म्हणून एक कायमचा दुवा. कडेला महिन्यांची यादी: मार्च २००९, एप्रिल २००९. कुणीही सहा वर्षांनी आलं तरी पहिल्या लेखापासून शेवटापर्यंत वाचू शकत असे. खाली प्रतिक्रिया यायच्या. त्या ठेवायच्या की काढायच्या, हे माझ्या हातात. बाजूला मी मला आवडलेल्या इतर बायकांच्या ब्लॉगची नावं लावायचे, त्या माझं लावायच्या. आमची एकमेकींशी कधी भेट झाली नाही, पण आमच्यात शेजार होता.

'ब्लॉगर' ही सोय १९९९ मध्ये निघाली आणि २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली. 'वर्डप्रेस'ही २००३ चंच. त्याच वर्षी बगदादमधल्या एका तरुणीने 'रिव्हरबेंड' या टोपणनावाने लिहायला सुरुवात केली. अमेरिकेने तिच्या देशावर युद्ध लादलं होतं. वीज जात होती, नोकरी गेली होती, बाईला एकटीने रस्त्यावर जाणं अशक्य होत चाललं होतं. हे सगळं तिने आतून लिहिलं. २००५ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. तिचं खरं नाव, तिचा चेहरा लोकांसमोर आला नाही, आणि म्हणूनच ती लिहू शकली.

आपल्याकडे बंगलोरच्या जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ब्लँक नॉइज'ने २००६ च्या महिला दिनाच्या सुमारास ब्लॉग लिहिणाऱ्यांना आवाहन केलं: रस्त्यावरच्या छेडछाडीचा आपला अनुभव लिहा. देशभरातून लेख आले. 'छेडछाड' या गुळगुळीत शब्दाखाली काय काय दडलेलं असतं, ते बायकांनी आपापल्या पानावर, आपापल्या शब्दांत मांडलं.

भाबडेपणाने मागे वळून पाहायची माझी इच्छा नाही. ब्लॉगचं ते जग लहान होतं. संगणक असलेल्या, शहरातल्या, शिकलेल्या, बहुतेक उच्चवर्णीय बायकांचं होतं. शिवणकाम करणारी आमची मैत्रीण तिथे कधी पोचली नसती. हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही बोलण्याचा मला अधिकार नाही.

घर सोडून ओसरीवर

आम्ही ब्लॉग सोडला असं कुणी एका दिवशी ठरवलं नाही. आधी आम्ही ब्लॉगवर लिहायचो आणि त्याचा दुवा फेसबुकवर टाकायचो, कारण मैत्रिणी तिथे होत्या. मग प्रतिक्रिया ब्लॉगखाली न येता तिथेच, दुव्याखाली येऊ लागल्या. मग वाटलं, दुवा तरी कशाला? चार परिच्छेद तिथेच लिहू. मग चाराचे दोन झाले. पुढे छायाचित्र लावलं तर जास्त जणी वाचतात असं दिसलं. मग छायाचित्रच राहिलं, लिखाण त्याची ओळ झालं. आता तर तीस सेकंदांच्या रीलमध्ये बोलायचं, तेही मागे गाणं लावून.

वाचणाऱ्यांचंही तेच झालं. आपल्या आवडीच्या ब्लॉगवर नवं काही आलं की एका ठिकाणी कळवणारं 'गूगल रीडर' नावाचं साधन होतं. ते १ जुलै २०१३ ला बंद केलं गेलं. कुणाचं वाचायचं ही यादी तोवर वाचक स्वतः करत असे. त्यानंतर बहुतेकींसाठी ती यादी कंपनी करू लागली. कंपनीचं गणित ठरवतं की कुणाला काय दाखवायचं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर करून ते गणित बदललं आणि संस्था-नियतकालिकांच्या पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला वर आणलं. ज्या छोट्या गटांनी वर्षानुवर्षं खपून वाचक जोडले होते, त्यांचं लिखाण त्याच वाचकांपर्यंत पोचेनासं झालं. कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं, कारण ओसरी त्यांची होती. आपण तिथे फक्त बसलो होतो.

यावर मला दोन प्रकारची उत्तरं मिळतात, आणि दोन्हींवर मला राग आहे.

पहिलं उत्तर साहित्यिक मंडळींचं. "बघा, ब्लॉगवर निदान लेखन होतं. आता बायका नुसत्या फेसबुकवर कविता पाडतात, स्वयंपाकाचे फोटो टाकतात." हा सूर ओळखीचा आहे. बाईने रोजनिशी लिहिली तर ते साहित्य नव्हे, ओवी रचली तर ते लोकवाङ्मय, आणि मोबाईलवर लिहिलं तर तो टाईमपास! लेखनाची जात ते कुठे लिहिलं यावरून ठरवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. पाठीवरच्या वळांचं आमच्या मैत्रिणीने लिहिलेलं वाचलं असतं, तर त्यांनी तोंड उघडलं नसतं.

दुसरं उत्तर आमच्याच चळवळीतल्या मैत्रिणींचं, आणि ते मला जास्त लागतं. "अगं, साधनं बदलतात. सायक्लोस्टाईल गेलं, झेरॉक्स आलं. ब्लॉग गेला, फेसबुक आलं. त्यात रडायचं काय?" मैत्रिणींनो, फरक आहे. सायक्लोस्टाईलचं यंत्र कधी म्हणालं नाही की हे पत्रक मी बारा जणींनाच देईन. झेरॉक्सवाल्याने कधी आपल्या पत्रकावर साबणाची जाहिरात चिकटवली नाही. आणि दुकान बंद झालं म्हणून तो घरोघरी जाऊन आपल्या प्रती गोळा करून जाळत बसला नाही. साधन आणि मालक यांतला फरक आपल्याला कळायला हवा. तो कळावा म्हणूनच आपण इतकी वर्षं स्त्रीमुक्तीच्या शिबिरांत बसतो आहोत ना?

काय काय हातचं गेलं

पहिली गोष्ट, नाव न सांगण्याचा हक्क. ब्लॉगला तुमचं नाव नको होतं, चेहरा नको होता. फेसबुकने खऱ्या नावाची सक्ती केली. जगभरातल्या स्त्री-संघटनांनी आणि तृतीयपंथी गटांनी विरोध केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये नियम थोडा सैल केला, रद्द केला नाही. वरवर पाहता नियम स्वच्छ वाटतो: खोटं नाव लावणारे शिव्या देतात, म्हणून खरं नाव हवं. प्रत्यक्षात शिव्या देणारे खऱ्या नावानेही बिनदिक्कत शिव्या देतात. खऱ्या नावाची भीती असते ती सासू, दीर, मुख्याध्यापक आणि गावचे पुढारी यांच्या नजरेखाली जगणाऱ्या बाईला. ब्लॉगवर मला कोण वाचतंय हे माझ्या आत्याला माहीत नव्हतं. आज मी काही लिहिलं की पहिला अंगठा चुलत सासऱ्यांचा येतो. तो अंगठा म्हणजे 'आमचं लक्ष आहे' असा निरोप असतो. मग लिहिताना हात आपोआप आखडतो. आपण जे लिहीत नाही, त्याची मोजदाद कुणाकडेच नसते.

नावामागोमाग चेहरा मागितला गेला. त्याची किंमत कुणी मोजली? जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावांनी, लिहित्या-बोलत्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रं उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. ती छायाचित्रं त्यांनी स्वतःच्या हाताने समाजमाध्यमांवर लावलेली होती. त्यांच्या लेखांना उत्तर देता येत नव्हतं, म्हणून चेहरे बाजारात मांडले.

दुसरी गोष्ट, वाचणाऱ्या बाईचा आडोसा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला काय झालं, आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झाली. तिच्याबरोबर तिच्या मैत्रिणीलाही झाली. मैत्रिणीने काय केलं होतं? त्या ओळींना पसंती दिली होती. त्यावेळचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, हे चांगलंच झालं. पण कलम गेलं म्हणून मुद्दा संपला नाही. ब्लॉग वाचणारी बाई मनातल्या मनात 'खरंय गं' म्हणून पान मिटू शकत होती. आता तिच्या 'खरंय'ची सही राहते, तारखेसकट. आमच्या केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणी सांगतात, "ताई, तुमचं सगळं वाचते, पण लाईक करत नाही. घरी दिसतं." आणि गणित म्हणतं, लाईक नाही म्हणजे कुणाला आवडलं नाही, मग हे लिखाण खाली ढकला! म्हणजे ज्या लिखाणाची बाईला सर्वांत जास्त गरज, तेच सर्वांत कमी दिसणार.

तिसरी गोष्ट, काळ. ब्लॉगवरचा लेख थांबून राहत असे. समाजमाध्यमावरचा लेख दोन दिवसांत तळाशी जातो. मी २०१६ मध्ये बालविवाहाच्या एका प्रकरणावर सविस्तर लिहिलं होतं. मागच्या महिन्यात प्रशिक्षणासाठी ते हवं होतं. तासभर शोधलं, सापडलं नाही. माझा २००९ चा नेट कॅफेतला ब्लॉग मात्र पहिल्या झटक्यात उघडला, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घांसकट. आणि व्हॉट्सॲपबद्दल तर बोलायलाच नको. तिथे बाईचं लिखाण फिरतं, हजारोंपर्यंत पोचतं, फक्त तिचं नाव खोडून. खाली येतं, 'जसं आलं तसं पुढे पाठवत आहे'. कधी कधी त्याखाली एखाद्या थोर पुरुषाचं नाव लागतं.

चौथी गोष्ट, मजुरी. या कंपन्यांचं जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींचं आहे. जाहिरात बघायला माणसं थांबावीत म्हणून मजकूर लागतो, आणि तो आपण फुकट पुरवतो. बाईने घरात केलेल्या कामाला मोल नाही, कारण ते प्रेमाने केलं असं म्हणतात. इथेही तेच. "तुम्हाला व्यक्त व्हायचं होतं ना? झालात ना?" ब्लॉगमधून आम्हाला पैसे मिळत नव्हते, हे खरं. पण निदान माझ्या दुःखाच्या दोन ओळींच्या मध्ये गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात शिरत नव्हती.

मग सगळं सोडून द्यायचं का?

नाही. हे स्पष्ट सांगते, कारण माझ्या लेखाचा आधार घेऊन उद्या कुणी मुलीच्या हातातून फोन काढून घ्यायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे तेव्हा सुमारे दोन तृतीयांश बायका ओसरीपर्यंतही आलेल्या नव्हत्या. त्यांना अडवणाऱ्यांच्या बाजूला मी उभी राहणार नाही.

आणि या माध्यमांनी जे दिलं तेही नाकारायचं नाही. पत्रकार प्रिया रमाणी यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये एका मासिकात आपला अनुभव लिहिला, त्या माणसाचं नाव न घेता. एक वर्षाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, त्यांनी ट्विटरवर एम. जे. अकबर हे नाव घेतलं. इतर अनेक जणी बोलल्या, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष ठरवताना सांगितलं की बाईला आपलं गाऱ्हाणं तिच्या पसंतीच्या कोणत्याही व्यासपीठावर, कितीही वर्षांनी मांडण्याचा हक्क आहे. एका ब्लॉगने एवढ्या जणींना एकाच वेळी एकत्र आणलं असतं का? मला शंका आहे. हाक मारायला ही ओसरी चांगली आहे. पण त्याच ट्विटरवर २०१९ च्या निवडणुकीत ९५ स्त्री-राजकारण्यांचा उल्लेख असलेले ट्वीट ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने तपासले, तेव्हा साधारण दर सातांपैकी एक अपमानकारक किंवा शिवीगाळीचा निघाला. ओसरीवर हाक मारता येते, पण तिथे संसार मांडता येत नाही.

चित्रकूटच्या ग्रामीण स्त्रियांनी २००२ मध्ये बुंदेलीत सुरू केलेलं 'खबर लहरिया' बघा. कागदावरचं साप्ताहिक त्यांनी मोबाईलवर नेलं, व्हिडिओ केले, समाजमाध्यमांवर लाखोंपर्यंत पोचल्या. पण २०१३ पासून त्यांचं स्वतःचं संकेतस्थळही आहे. आपल्याला शिकायचं ते हेच.

आपण काय करतो? आपल्या कितीतरी गटांनी फेसबुकवर पान काढलं आणि संकेतस्थळ वाऱ्यावर सोडलं. मोर्चांची छायाचित्रं, निवेदनं, सत्यशोधन समित्यांचे अहवाल, सगळं त्या एका पानावर. गेल्या दहा-बारा वर्षांचा स्त्री-चळवळीचा इतिहास कुणी उद्या लिहायला घेतला, तर त्याची सगळी साधनं परक्या कंपनीच्या कुलपात आहेत. आणि कंपन्या कुलूप लावतात. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. फेसबुकवर लांब लेखनासाठी 'नोट्स' होत्या, तिथे नवं लिहिण्याची सोय ऑक्टोबर २०२० नंतर काढून घेतली. टिकटॉकवर शासनाने २९ जून २०२० ला बंदी घातली, आणि शेतात, चुलीपाशी उभं राहून बोलणाऱ्या कितीतरी बायकांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला.

ब्लॉग तरी कुणाचा? माझा ब्लॉगही गूगलच्याच जमिनीवर उभा आहे, हे मला माहीत आहे. पण तिथलं सगळं लिखाण मी एका फायलीत उतरवून घेऊ शकते आणि दुसरीकडे बिऱ्हाड हलवू शकते. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

म्हणून माझं म्हणणं चार कलमांत सांगते.

एक, आधी घरी, मग दारी. लेख पहिल्यांदा वहीत, नाहीतर आपल्या ब्लॉगवर लिहायचा. समाजमाध्यमावर त्याची दवंडी पिटायची, तिथेच त्याला जन्म द्यायचा नाही.

दोन, आपल्या प्रत्येक शिबिरात एक तास यासाठी ठेवायचा: आपलं खातं आपल्या हातात उतरवून कसं घ्यायचं. फेसबुकवर ती सोय आहे, ब्लॉगवर आहे. अर्ज भरायला शिकवतो, बँकेचं पासबुक वाचायला शिकवतो, तसंच हे. बचतगटाच्या हिशेबाच्या वहीची प्रत आपण ठेवतो. बाईच्या शब्दांची का नाही?

तीन, नाव खोडून काही पुढे पाठवायचं नाही. नाव सांगणं धोक्याचं असेल तर 'एका मैत्रिणीने लिहिलेलं' एवढं तरी लिहायचं.

चार, कंपन्यांना जाब विचारायचा. २०२१ च्या नियमांनुसार त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने अपील समित्या नेमल्या. आमच्या मैत्रिणीचं खातं गेलं तेव्हा त्या नव्हत्या. आता आहेत, तर त्या वापरायला शिकू या. पण मागणी यापुढची हवी: तक्रार आणि सुनावणी मराठीत व्हावी, आणि खातं बंद केलं तरी लिहिणारीचं लिखाण तिला परत मिळावं. घरमालकाने भाडेकरूला काढलं तरी तो तिची भांडी ठेवून घेऊ शकत नाही.

शेवटी एकच आठवण. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बाईजातीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. टीका झाली. त्या पुन्हा लिहित्या झाल्या नाहीत. पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापलं, म्हणजे ९३ वर्षांनी. आज आपण ज्यांच्या खांद्यावर उभ्या आहोत म्हणतो, त्या ताराबाई आपल्याला मिळाल्या, कारण कुठेतरी कागदावर ते पुस्तक वाट बघत पडून राहिलं. समजा, ताराबाईंनी ते एखाद्या समाजमाध्यमावर लिहिलं असतं. शंभर तक्रारी झाल्या असत्या, तिसऱ्या दिवशी खातं बंद. मालशे यांना काय सापडलं असतं?

शिवणकाम करणारी आमची मैत्रीण आता पुन्हा लिहिते आहे. शंभरपानी वहीत लिहिते. तिची मुलगी ते ब्लॉगवर चढवते, टोपणनावाने, आणि दर महिन्याला छापून एक प्रत आमच्या केंद्रातल्या कपाटात ठेवते. गेलेले दोनशे लेख परत मिळाले नाहीत. "तसंच्या तसं आठवत नाही, ताई," ती म्हणते, "पण वळ आठवतात." त्यांपासून तिने पुन्हा सुरुवात केली आहे. वही क्रमांक तीन चालू आहे.